नगरधन कोणाचे?

आमच्या समाजातील कथालेखकाला प्राचीन अवशेषांवर काही लिहावेसे वाटले, की त्याची पावले वसईच्या किल्ल्याकडे, नाही तर जुन्या गोव्याकडे वळतात. ढासळलेली चर्चे, निखळलेल्या कमानी, त्यांवर पडलेले चांदणे आणि शेवटी एक उसासा, एवढ्यावर कथा उरकते. वसईविषयी आम्हांला आकस नाही. १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेल्या त्या नगराशी तेथील आमच्या बांधवांचे पिढ्यान्पिढ्यांचे नाते आहे. पण वाडीत राहणाऱ्या, नागपूरच्या धर्मप्रांतात वाढलेल्या लेखकाने कथेसाठी आठशे किलोमीटर दूर जावे आणि रामटेकजवळचे नगरधन एकदाही पाहू नये, हे आम्हांला खटकते.

नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर प्रभावतीगुप्ता या राणीने अज्ञान मुलांच्या वतीने येथून राज्य चालविले. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. आपल्या ताम्रपटात तिने सासरची नव्हे, माहेरची वंशावळ दिली. गोत्रही माहेरचेच सांगितले. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांनी केलेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. पदरी लहान मुले, पाठीशी बलाढ्य पिता आणि भोवती सासरचा दरबार! कादंबरीला याहून अधिक काय हवे?

यावर उत्तर मिळते, ‘तो इतिहास आपला नव्हे.’ हे वाक्य आजवर आमच्याविषयी इतरांनी उच्चारले. आता आम्हीच ते आपल्या मुलांना पढवीत आहोत. बाप्तिस्म्याने माणसाचे गाव बदलत नाही. जवळच्या मनसर येथील अवशेष बौद्ध की शैव, यावर अभ्यासकांत वाद झाले आहेत. तेथे आम्ही तिसरा दावा मांडावा, असे आमचे म्हणणे नाही. या मातीत राहणाऱ्याला तिच्या भूतकाळाविषयी बोलण्याचा अधिकार आहे, इतकेच आम्ही म्हणतो. तो आपण होऊन सोडला, तर पुढे कोणी नाकारल्यास तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

दुसरे उत्तर असे, की प्रतिभेला प्रवासाची गरज नसते. ग्रंथ पुरेसे आहेत. सिएन्कीविच या पोलिश कॅथलिक लेखकाला रोममध्ये एका चित्रकार मित्राने अॅपियन मार्गावरील लहानसे चॅपल दाखविले. त्या भेटीतून ‘क्वो वादिस’ ही कादंबरी आकारली. त्याचा देश तेव्हा तीन सत्तांनी वाटून घेतलेला होता. नीरोच्या छळात पोलिश वाचकांनी स्वतःचे दुःख ओळखले. परक्या नगराच्या अवशेषांपाशी उभे राहून तो आपल्या लोकांविषयी लिहू शकला. आम्हांला तर घरापासून दोन तासांच्या वाटेवरचे नगर परके वाटते.

यरुशलेमचा कोट बांधण्यापूर्वी नहेम्या रात्री मोजकी माणसे घेऊन निघाला आणि पडक्या भिंतींभोवती फिरून आला. लोकांशी तो बोलला ते त्यानंतर. आमच्या लेखकांनीही सहलीचा डबा आणि कॅमेरा घरी ठेवून एकदा नगरधनला जावे, शेतात नांगर धरणाऱ्याशी बोलावे. आणि परतल्यावर निदान आपल्या कथेतले उसने चांदणे तरी खोडून टाकावे.