पहिल्या आठवड्यात हिरो होऊ नका

नवीन लोडर म्हणून लागलेल्या भावांनो,

मी बांधकामावरचा सुपरवायझर. सिव्हिलचा डिप्लोमा करून दुबईत आलो, तेव्हापासून साइटवरच आहे. यंदा माझ्या ओळखीतली पाच-सहा पोरं साइट सोडून जेबेल अलीच्या बाजूला गोडाऊनमध्ये लागली, पार्सल आणि कार्टन भरायच्या-उतरवायच्या कामाला. त्यातला एक परवा फोनवर मोठ्या खुशीत सांगत होता, "दादा, दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी अख्खा चाळीस फुटी कंटेनर जेवणाआधी रिकामा केला. फोरमन खूश!" मी त्याला शाबासकी दिली नाही. त्याला राग आला असणार. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फोरमन खूश झाला म्हणजे काय झालं ते मला चांगलं कळतं, कारण मी त्याच खुर्चीतला माणूस. (खुर्ची कसली, उभाच असतो.) नवीन माणूस आला की पहिले चार दिवस आम्ही त्याचा वेग बघतो आणि डोक्यात एक आकडा धरतो. पुढे तोच तुमचं टार्गेट. दोघांत कंटेनर रिकामा होतोय म्हटल्यावर तिसरा माणूस देणार कोण? आणि महिन्याभराने पाठ धरली, तुम्ही चारचौघांसारखं काम करायला लागलात, की आम्हीच म्हणतो, "हा आता कामचुकार झाला." पगार मात्र पहिल्या दिवशीही तेवढाच होता.

म्हणून माझं म्हणणं आहे की पहिले दोन आठवडे मुद्दाम हळू चला. टाइमपास करा असं नाही म्हणत. न थांबता, एका चालीने, पण जुन्या माणसाच्या वेगाशी बरोबरी न करता. माझे मामा वाशीच्या मार्केटला माथाडी होते. त्यांच्या टोळीत नवीन पोरगा आला की मुकादम त्याला लगेच पोतं उचलू देत नसे. आधी काही दिवस दुसऱ्याच्या पाठीवर पोतं चढवून द्यायचं, बघायचं, शिकायचं. इथे तसा मुकादम नाही. इथे मागून "यल्ला यल्ला" आहे. तेव्हा स्वतःचा मुकादम स्वतःच व्हावं लागतं.

हा नुसता जुन्या लोकांचा समज नाही. गावाकडून आलेल्या अंगाला इथली गरमी पचायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याची शिफारस अशी आहे की गरमीत नवीन माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि मग रोज २० टक्क्यांनी वाढवावं. आपल्याकडे कुठला फोरमन एवढं ऐकणार? पण निदान पहिल्याच दिवशी शंभर टक्के देऊन मोकळे होऊ नका.

इथे दर वर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम बंद ठेवावं लागतं. मोडलं तर कंपनीला एका कामगारामागे ५,००० दिरहम दंड आहे. आम्हा साइटवाल्यांना हा नियम तोंडपाठ. तुमची गोची अशी की नियम उघड्यावरच्या, उन्हातल्या कामाचा आहे. डॉकला लावलेला कंटेनर म्हणजे कागदावर सावली! सकाळपासून उन्हात तापलेल्या त्या पत्र्याच्या डब्यात वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही. माझ्या मते हा नियम कंटेनरच्या आतल्या कामालाही लागला पाहिजे. लागेल तेव्हा लागेल. तोवर आत-बाहेर पाळी लावा. एकजण आत, एकजण पॅलेटवर, आणि पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल. दाराशी पंखा मागा. तहान लागायची वाट न बघता दर थोड्या वेळाने पाणी प्या. सोबतचा माणूस काहीतरी असंबद्ध बोलायला लागला किंवा लडखडला तर "थोडा बस" म्हणून सोडून देऊ नका. बाहेर काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ९९८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

आता उचलण्याचं. खोका आधी पायाने नाहीतर हाताने थोडा कलवून बघा, वजन कळतं. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, खोका पोटाला चिकटवून उठा. हे सगळ्यांना माहीत असतं. पाठ जाते ती वळताना. पाय जागेवर आणि कंबर फिरली, की गेलंच. पॅलेट बाजूला ठेवलेलं असेल तर पाय उचलून वळा. त्यात एक सेकंद जातो, जाऊ दे. कंटेनरचं दार उघडताना समोर उभे राहू नका, प्रवासात माल सरकून दाराला टेकलेला असतो. एक दार उघडायचं, ते स्वतःच्या आणि मालाच्या मध्ये धरून. थप्पी वरून खाली पायरीपायरीने काढायची. खालचा खोका ओढून वरचे पाडले तर लवकर होतं खरं, पण ते कुणाच्या तरी अंगावरच पडतात.

आणि दुखण्याच्या गोळ्या. कॅम्पात प्रत्येक खोलीत एक पाकीट असतंच. कमी पाणी, भरपूर घाम आणि त्यावर रोज डायक्लोफिनॅक, याने किडनीची वाट लागते. गोळी खाऊन कामावर जायची वेळ आली म्हणजे वेग चुकला.

माझी एक गोष्ट सांगतो, सांगायला बरं वाटत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या साइटवर टाइल्सच्या पेट्या उतरवायच्या होत्या, एक पेटी साधारण ३० किलोची. बीडकडचा एक पोरगा, त्याचा तिसरा दिवस. खाली गाडी खोळंबली होती. मी त्याला म्हणालो, "तो बघ, दोन-दोन उचलतोय." त्याने दोन उचलल्या आणि वळला. तेव्हा काही बोलला नाही. रात्री खोलीतल्यांनी मलम चोळलं. दुसऱ्या दिवशी तसाच आला, मीही विचारलं नाही. चौथ्या दिवशी बिछान्यातून उठता येईना. ऑफिसने विचारलं, "रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट नव्हता. तो लिहायचं काम माझं होतं. जुनं दुखणं आहे म्हणून त्याला घरी पाठवलं. मागच्या दिवाळीला फोन केला होता. ट्रॅक्टरवर अर्धा तासच बसवतं म्हणाला. मला "साहेब"च म्हणत होता.

म्हणून लागलं, लचकलं, तर त्याच शिफ्टमध्ये सांगा. तोंडी सांगून वर फोरमनला व्हॉट्सॲप मेसेज टाका. वेळ, जागा, काय उचलत होतात. लाजू नका. इथल्या कायद्यात कामावरच्या दुखापतीचा उपचार कंपनीने करायचा आहे. काम करता येत नसेल तर उपचार चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, पूर्ण पगार आणि त्यानंतरचे सहा महिने अर्धा. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर मधे एकूण तासाभराची सुट्टी मिळालीच पाहिजे. पण कागदावर नोंद नसेल तर यातलं काहीच मागता येत नाही, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

कंपनी ऐकतच नसेल तर कामगार मंत्रालयाचा नंबर ६००५९०००० आहे. आणि आपल्या दूतावासाच्या प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा ८००४६३४२, फुकट लागतो. हिंदीत बोललं तरी चालतं. दोन्ही नंबर आजच सेव्ह करा, कंबर धरल्यावर शोधत बसू नका.