आपण चालतों कीं वाहिले जातों?

स्टेशनांत उभ्या असलेल्या आगगाडीच्या खिडकींतून शेजारच्या गाडीकडे पाहत असतां आपली गाडी सुटली असें वाटावें, आणि ती दुसरी गाडी निघून जातांच आपण होतों तेथेंच आहों असें आढळून यावें, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस आला असेल. डोळा गति पाहतो. पण ती गति कोणाची, हें एकट्या डोळ्यास सांगतां येत नाहीं. नौकेंतून जाणाऱ्यास तीरावरील स्थिर वस्तु मागें जातांना दिसतात, तसेच स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जातांना दिसतात, असें आर्यभटानें सुमारें इ. स. ४९९ मध्यें लिहून ठेविलें. कानाच्या आंत डोक्याची हालचाल ओळखणारें एक इंद्रिय आहे खरें. परंतु वेग एकसारखा झाला कीं तेंही मौन धरितें.

मग आपण स्वतः चालत आहों, हें आपणांस कळतें तरी कशानें? स्वतःस हालविणें हें आत्म्याचें लक्षण होय, असें प्लेटोचें मत होतें. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल यास तें मान्य झालें नाहीं. हा वाद मिटविण्याची आमची योग्यता नाहीं. तथापि रिचर्ड हेल्ड व ॲलन हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आईबापांस सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

त्यांनीं मांजराच्या पिल्लांच्या जोड्या अंधारांत वाढविल्या. रोज तीन तास मात्र त्या उजेडांत आणीत. उभ्या पट्ट्यांच्या एका गोल भिंतीच्या आंत आडवा दांडा बसविलेला होता. त्याच्या एका टोकास जुंपलेलें पिल्लूं आपल्या पायांनीं फिरे. दुसऱ्या टोकास टांगलेल्या पाळण्यांत दुसरें पिल्लूं बसे, व पहिलें जसें फिरेल तसें तें आपोआप फिरविलें जाई. दोघांच्याही डोळ्यांपुढून तेच पट्टे सरकत. पुढें त्यांस टेबलाच्या कडेजवळ नेलें, तेव्हां चाललेल्या पिल्लानें कड पाहून पंजा पुढें केला. पाळण्यांतल्यानें केला नाहीं. पाहिलें दोघांनीं सारखेंच. पण पाहिलेल्याचा उपयोग एकासच करतां आला.

मांजराचें पिल्लूं व शाळेंतील मूल यांत अंतर आहे, हें आम्ही जाणतों. परंतु भूमितीचा सिद्धांत घडाघडा म्हणणारा विद्यार्थी, आकृतींतील अक्षरें बदलतांच खडू हातांत घेऊन निमूटपणें उभा राहतो, तेव्हां आम्हांस त्या पाळण्याची आठवण होते. गाईडांतील उत्तर, शिकवणींतील टिपणें, वडिलांनीं रात्रीं बसून सोडविलेलीं गणितें, हे सर्व पाळणेच होत. त्यांत प्रेम असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. आणि दोष केवळ घरचाच नव्हे. परीक्षा जवळ आली कीं आम्ही शिक्षकही फळ्यावर तयार उत्तर लिहून देतों, व पोर्शन पुरा झाला म्हणून सुटकेचा श्वास टाकतों. त्यापेक्षां मुलानें चुकीचें गणित चारदां खोडून आणिलेलें आम्हांस पत्करेल, मग गुण कमी पडले तरी चालतील. आईबापांनींही तेवढे कमी गुण सोसावे, अशी आमची विनंति आहे.

पाळण्यांतलीं पिल्लें कायमचीं अधू झालीं नव्हतीं. उजेडाच्या खोलींत मोकळीं सोडून दोन दिवसांनीं पुन्हा पाहिलें, तों कड दिसतांच तींही पंजा पुढें करूं लागलीं होतीं.