पावसाच्या नावावर बिल फाडू नका

भूगाव-पिरंगुटपासून पौडपर्यंत कुठंही डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेल्या गाडीचा रंग काही महिन्यांत फुगला, की ठरलेलं उत्तर मिळतं: “साहेब, मुळशीचा पाऊस. त्याला आम्ही काय करणार?” ताम्हिणीच्या वाटेवर राहणाऱ्याला ते पटतंही. जिथं जुलैत भिंती ओल धरतात, तिथं पत्र्याचं काय घेऊन बसलात!

हे म्हणणं निम्मं खरं आहे. असे फोड बहुतेक वेळा ओलाव्यानंच येतात. पण तो ओलावा रंगाखाली शिरला कधी? त्याच गाडीचं न ठोकलेलं दार त्याच पावसात शाबूत राहतं आणि दुरुस्त केलेल्या फेंडरला तेवढे फोड येतात. पाऊस काही पॅनेल निवडून पडत नाही.

पॉलिएस्टर पुट्टी सच्छिद्र असते. पाणी मारून तिच्यावर वॉटर पेपर फिरवला की ती पाणी पिते. पुरती वाळायच्या आत प्रायमर मारला, की ते पाणी आत कोंडतं. मग ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापतो, आतली वाफ वाट शोधते आणि फोड वर येतो. दुसरी वाट कंप्रेसरची. दमट हवा टाकीत दाबली की तिच्यातलं पाणी सुटून तळाशी साचतं. टाकी रोज रिकामी केली नाही, पाणी अडवणारा फिल्टर बसवला नाही, तर ते गनमधून थेट पत्र्यावर येतं. हार्डनरमधल्या आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे रंगात बारीक बुडबुडे. तेव्हा पाऊस दोषी, कबूल. पण तो गॅरेजच्या शेडमध्ये, गॅरेजवाल्याच्या देखत शिरला. मुळशीत धंदा मांडणाऱ्याला मुळशीचा पाऊस ही अचानक कोसळलेली आपत्ती म्हणता येत नाही.

दुसरा युक्तिवाद जरा अभ्यासू असतो: कंपनीचा रंग तो कंपनीचा. कारखान्यात नुसता सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं थर चढवतात आणि वरचे थर साधारण 140 अंशांना भाजतात. तयार गाडीत प्लॅस्टिक, रबर, वायरिंग असतं, म्हणून गॅरेजच्या रंगाच्या बूथमध्ये 60 अंशांच्या आसपास थांबावं लागतं. हे सगळं खरं. पण म्हणूनच तर दुरुस्तीचा रंग हार्डनर घालून, कमी तापमानात घट्ट होईल असा बनवलेला असतो. पापुद्रे निघतात ते बहुधा खालचा थर नीट घासला-पुसला नाही म्हणून. आणि बोर्डावर ‘कंपनी फिनिश’ लिहायचं, तक्रार आली की कंपनीची थोरवी गायची, हे कसं चालेल?

‘गाडी नेताना सही केलीत ना?’ सही दिसणाऱ्या कामाला असते. संध्याकाळच्या उजेडात, नुकत्याच धुतलेल्या गाडीत, पुट्टीखालचा गंज कुणाला दिसतो?

‘बाहेर काम केलंत, वॉरंटी गेली’ ही धमकी अधिकृत वर्कशॉपची. भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 मोटार कंपन्यांना 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. पुढं अपिलं झाली, तो भाग वेगळा. बाहेर रंगवलेल्या दाराच्या रंगाची हमी कंपनीनं नाकारली, तर समजू शकतं. इंजिनाची कशी नाकारणार?

गाडीमालक मात्र सगळेच साव नाहीत. ताज्या रंगावर प्रेशर वॉशर मारायचा, पक्ष्यांची विष्ठा आठवडाभर पुसायची नाही, आणि मग पेंटरच्या नावानं बोटं मोडायची. मेटॅलिक शेड जुळवायला शेजारच्या पॅनेलवर रंग फिका करत न्यावा लागतो. विम्याचा सर्व्हेअर एकच पॅनेल मंजूर करतो आणि शिव्या पेंटर खातो. तिथं मी पेंटरच्या बाजूनं.

माझी मागणी जॉब कार्डापुरती आहे. रंगाचा कोड, प्रायमर आणि क्लिअर कोट कुठले, पुट्टी ओली घासली की कोरडी, गाडी बूथमध्ये किती वेळ ठेवली, शेवटी थर किती मायक्रॉन भरला, आणि रंगाची हमी किती महिन्यांची: एवढं लिहून सही करा. थर मोजायचं यंत्र काही हजारांत मिळतं. कारखान्याचा रंग साधारण 100-150 मायक्रॉनचा. जाड पुट्टीवर तोच आकडा हजाराच्या पुढं जातो. मागणी अवाजवी वाटत असेल, तर ग्राहक आयोगात काय होतं ते पाहा. सेवेतली त्रुटी सिद्ध करायचं ओझं आधी तक्रारदारावर, आणि काम कसं झालं याची माहिती सगळी समोरच्याकडे. नोंद झाली, तर प्रामाणिक गॅरेजवालाही त्याच कागदावर सुटेल.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे मुळशीकराला पुण्याच्या जिल्हा आयोगात. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची. मात्र गॅरेजवाला “आणा, फुकटात पुन्हा मारून देतो” म्हणाला, तर गाडी सोडण्याआधी फोडांचे फोटो काढा आणि थराचे आकडे लिहून घ्या. पॅनेल एकदा घासलं की तपासायला काही उरत नाही.