बातमीतला कर्ता कुठे गेला?



‘बातमीदार घडले तेवढेच सांगतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. ‘रात्री मित्रासोबत फिरायला गेलेल्या तरुणीवर अत्याचार’ अशी शीर्षके नेहमीची. वेळ तिची, सोबत तिची. केले कोणी, तो कर्ताच गायब. सोनसाखळी गेली की मात्र ‘दुचाकीवरील दोघांनी हिसकावली’ असे स्वच्छ लिहिता येते! मी तीस वर्षे मुद्रितशोधन केले. अशा शीर्षकांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले, बाकी काही नाही.

ही खोड केवळ वृत्तपत्रांची नाही. देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२च्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना सोडले. आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, हे तिच्याच विरोधात गेले. वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आंदोलन पेटले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणे तेव्हापासून गुन्हा आहे.

म्हणून नाव तेवढे गाळतात. गाव, महाविद्यालय, वडिलांचा धंदा छापतात. चहाच्या टपरीवर पेपर उलगडेपर्यंत गावाला घर सापडलेले असते.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे