मालकांचा हिशेब आणि १९२५ चा संप

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या लहान कारखानदाराशी बोलावे, तर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. विजेचा दर त्याच्या हाती नसतो, बँकेचे व्याज नसते, कच्च्या मालाचा भाव तर नसतोच. कमी करता येण्याजोगी उरते ती केवळ मजुरी. हा युक्तिवाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीमालकांनी तो जवळजवळ असाच मांडला होता.

१ सप्टेंबर १९२५ पासून वेतनात साडेअकरा टक्के कपात करण्याचा निर्णय मालक संघाने घेतला, त्यामागील कारणे खोटी नव्हती. जपानी कापडाची स्पर्धा तीव्र झाली होती. रुपयाचा भाव अठरा पेन्सांकडे चढल्याने आयात माल अधिकच स्वस्त पडत होता. त्यातच लँकेशायरच्या हितासाठी १८९६ मध्ये देशी गिरणी कापडावर बसविलेला साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर होता. हा कर अन्यायाचा होता, याविषयी राष्ट्रीय पुढाऱ्यांतही दुमत नव्हते. तो उठला तर कपात मागे घेऊ, असे मालक सांगत होते. त्यांच्या पदरात एवढे माप टाकलेच पाहिजे.

परंतु या हिशेबात एक बाब सोयीस्करपणे वगळली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले आणि अनेकांनी भांडवल फुगविले. तो नफा राखीव निधीत पडला असता, तर मंदीचा पहिला घाव मजुरीवर घालावा लागला नसता. तेजीचा वाटा भागधारकांना आणि मंदीचा कामगारांना, ही विभागणी कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरच्या आरंभी सरकारने अबकारी कर स्थगित केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि १९२६ मध्ये तो कर रद्दच झाला. हे एकट्या संपाचे फळ होते, असे नव्हे. तरीही जे जवळजवळ तीस वर्षांच्या अर्जविनंत्यांनी साधले नव्हते, ते गिरण्या बंद पडल्यावर काही आठवड्यांत साधले. मालकांचे हे जुने गाऱ्हाणे दूर झाले. कामगारांना मिळाले ते पूर्वीचेच वेतन, तेही अडीच महिन्यांची मजुरी बुडवून.

कर गेला, तरी मालकांची नजर मजुरीवरून हटली नाही. आता भाषा कार्यक्षमतेची आली, एका कामगाराकडे अधिक यंत्रे देण्याची. एप्रिल १९२८ मध्ये गिरण्या पुन्हा बंद पडल्या, आणि या वेळी त्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या.