राखलेला शब्द आणि सुटलेले शब्द

एखादा शब्द कुणी वापरावा आणि कुणी वापरू नये, याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने करावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना तरी कुतूहलाची वाटायला हवी. १७ मार्च २०२० रोजी ते घडले. नोएडा प्राधिकरणातील पदनामांवरून उद्भवलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने १९७२च्या वास्तुविद कायद्यातील ३७व्या कलमाचा अर्थ लावला: हे कलम इमारतींचे आराखडे करण्याच्या कामाला मज्जाव करीत नाही, ‘आर्किटेक्ट’ या उपाधीच्या वापराला करते. म्हणजे, इतर नियमांच्या अधीन राहून, काम दुसऱ्या कुणी केले तरी या कलमाची हरकत नाही. नाव मात्र परिषदेत नोंदणी झालेल्यानेच लावावे. (मराठीत ‘वास्तुतज्ज्ञ’ ही पाटी स्वयंपाकघराची दिशा बदलून देणाराही लावतो, हा भाग वेगळा.)

हा राखलेला शब्द पाच वर्षांच्या पदवीने मिळतो. त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागत नाही. मग पुढची दोन वर्षे, चार सत्रे आणि एक प्रबंधिका हे सारे कशासाठी, असा प्रश्न वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला पडला तर तो रास्तच म्हणावा लागेल. इंग्लंडात दीर्घकाळ रूढ असलेल्या तीन टप्प्यांच्या रचनेत पदव्युत्तर अभ्यास हा दुसरा टप्पा असतो. प्रत्यक्ष कार्यालयीन अनुभव आणि तिसऱ्या टप्प्याची परीक्षा यांवाचून उपाधी मिळत नाही. त्यामुळे अभ्यास आणि व्यवसाय एकाच वाटेवर येतात. आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रम या वाटेच्या बाहेर, बाजूला उभा आहे. त्याची दोन प्रयोजने सांगितली जातात. एक अध्यापनातील नोकरी. त्याबद्दल मराठीच्या प्राध्यापकांनी वेगळे काय बोलावे? दुसरे विशेषज्ञता: नगररचना, भूदृश्यरचना, वास्तुवारशाचे जतन इत्यादी. माहितीपत्रकांत हीच विशेषज्ञता ‘व्यवसायाची सिद्धता’ म्हणून वर्णिलेली असते. ती कितपत सिद्धता आहे, हे तपासण्याचा आम्हांला थोडाफार अधिकार आहे असे आम्ही समजतो. कारण वारसा-जतनाचे विद्यार्थी अलीकडे आमच्या विभागात शब्द विचारायला येतात.

ते येतात तेव्हा त्यांच्या हाती वाड्याची अतिशय देखणी आरेखने असतात. खांबाचा सुरूच्या झाडासारखा निमुळता डौल, त्याच्या माथ्यावरचे कोरीव केळफूल, कडीपाटाची रचना, तळखड्याचे दगडी काम, सारे मिलिमीटरच्या हिशोबाने. नावे मात्र इंग्रजी पाठ्यपुस्तकातली, आणि त्यांतली बरीचशी युरोपातील चर्च व हवेल्यांसाठी घडलेली. मार्गदर्शकांनी सांगितलेले असते, ‘स्थानिक संज्ञा परिशिष्टात द्या.’ स्थानिक संज्ञांची ही परिशिष्टातील रवानगी आम्हांला खटकते, आणि ती केवळ भाषाभिमानापोटी नव्हे.

‘खण’ हा शब्द घ्या. दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले अंतर, एवढा अर्थ इंग्रजी प्रतिशब्दातही येतो. परंतु मराठी कुटुंबाने आपले घर खणांनी मोजले. घर पाच खणी की सात खणी यावरून त्याची ऐपत कळे. भाऊ वेगळे झाले की खण वाटले जात, भाडेकरू ठेवला तर अमुक खणांत ठेवला जाई. म्हणजे हा शब्द लाकडाच्या लांबीचा आहे, तसाच हक्काचाही आहे. पुण्याच्या पेठांतील वाड्याचे जतन ज्याला करायचे त्याच्यापुढे पहिली अडचण वाळवीची नसते. वारसांची, वाटणीपत्राची आणि भाडेकरूंची असते. ते वाटणीपत्र पुष्कळदा मोडीत असते आणि त्यात खणांचा हिशोब असतो. ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा शब्द केवळ परिशिष्टात भेटला, तो आरेखनात एक सलग दालन दाखवतो. मालकाच्या लेखी तिथे तीन घरे असतात.

दुसरे उदाहरण चुन्याचे. विनिर्देशात, म्हणजे कंत्राटदारासाठी लिहिलेल्या कामाच्या तपशिलात, ‘चुना एक भाग, वाळू तीन भाग’ असे एक वाक्य असते. कळीचा चुना विरवायचा कसा, तो किती दिवस मुरवायचा, घाणीत किती मळायचा, गूळ किंवा हिरड्याचे पाणी घालायचे की नाही, याविषयी त्या वाक्यात काही नसते. जुन्या गवंड्याच्या बोलण्यात या प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र क्रियापद आहे, आणि त्याचे तंत्र त्या क्रियापदांतच साठवलेले आहे. एका माजी विद्यार्थ्याने आम्हांला सांगितले, की त्याच्या पहिल्याच कामावर कंत्राटदाराने पोत्यातली भुकटी कालवली, ‘पकड’ यावी म्हणून वर सिमेंट मिसळले आणि दरजा भरून टाकल्या. जुन्या विटेहून सिमेंट कठीण असते आणि ओल बाहेर पडू देत नाही. ओल मग विटेतून वाट काढते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. विनिर्देशाचा भंग कुठेही झाला नव्हता, असे कंत्राटदाराचे म्हणणे; आणि कागदावर त्याचेच खरे ठरले. लेखन अपुरे असले की भिंत कशी खचते, याचा याहून स्पष्ट पुरावा साहित्याच्या वर्गात आम्हांला क्वचितच देता येतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. वास्तुकलेची भाषा रेषेची असते, शब्दांचे काय एवढे? पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९५१मध्ये पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कार्यशाळेत गेले ते फ्रेंच न येता, आणि तिथे रेषेच्या आधारावर निभावले. पुढे २०१८ साली त्यांना प्रित्झ्कर पुरस्कारही मिळाला. हे आम्हांस मान्य आहे. पण त्या कार्यशाळेत दोन्ही बाजूंना रेषा वाचणारे लोक होते. गवंडी आणि सुतार यांना आरेखन वाचता येतेच असे नाही, आणि वाचता आले तरी चुना किती मुरला पाहिजे हे रेषेने दाखवता येत नाही. केरळात आयुष्य काढलेले लॉरी बेकर स्वतः आरेखनात निष्णात. तरीही ते कामाच्या जागी गवंड्यांशी बोलत राहिले, आणि सामान्य माणसासाठी त्यांनी चित्रे व सोपी वाक्ये असलेल्या हस्तलिखित पुस्तिका काढल्या. बर्मिंगहॅममध्ये शिकलेल्या माणसाला जे आवश्यक वाटले, ते पुण्या-नाशिकात शिकलेल्याला अनावश्यक का वाटावे?

आणखीही एक आक्षेप ऐकू येतो: आज कामावरचे कारागीर बिहारचे, राजस्थानचे, कर्नाटकाचे असतात, त्यांच्याशी मराठीत बोलून काय होणार? खरे आहे. तिथे हिंदी किंवा कानडी शिकावी. आमचा आग्रह कामाच्या जागेच्या भाषेचा आहे. मालक, वारस आणि दप्तरे मात्र मराठीतच आहेत, हेही विसरता येत नाही.

१८५७ साली मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून कलाशाळा उघडली आणि त्याच वर्षी मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्या कलाशाळेतून पुढे वास्तुकलेचे शिक्षण वाढले. त्या कोशात इतर व्यवसायांबरोबर बांधकामाचेही शब्द नोंदले गेले. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी दोहोंची धड गाठ पडलेली नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. पण त्यांची दिशा इंग्रजीकडून मराठीकडे, म्हणजे घडवलेल्या शब्दांची. इथे हवे आहेत ते वापरातले शब्द.

म्हणून आमची सूचना अशी. वारसा-जतनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला एक पूर्ण प्रश्नपत्रिका विनिर्देश-लेखनाची असावी, आणि ती कामाच्या जागेच्या भाषेत लिहिली जावी. परीक्षक दोन: एक अध्यापक आणि एक गवंडी अथवा सुतार. विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून दाखवावे. कारागिराने आपण काय करणार ते सांगावे. दोहोंत जेवढे अंतर पडेल तेवढे गुण कमी व्हावेत. प्रबंधिकेतील शब्द परिशिष्टातून उचलून थेट आरेखनावर आणावेत, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या गावी, कुणाकडून मिळाला याची नोंद असावी. मराठी विभागांनाही यात काम आहे. ‘उपयोजित मराठी’ची प्रश्नपत्रिका जाहिरात, वृत्तलेखन आणि सूत्रसंचालन यांच्यापाशी थांबते, विनिर्देश हे उपयोजित गद्य नव्हे काय?

विद्यापीठांची अभ्यासमंडळे हे कधी मनावर घेतील ते घेतील. चुना मुरवता येणारी माणसे तोवर आणखी कमी झालेली असतील. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सध्या मोल्सवर्थ उघडून देतो, आणि त्यात न सापडलेला शब्द त्यांनी कामाच्या जागेवरून आम्हांला आणून द्यावा, एवढी अट घालतो. आमच्या वहीत असे चाळीसेक शब्द जमले आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी जुने सुतार वा गवंडी असतील, तर त्यांनी त्यात जरूर भर घालावी.