गाडीगप्पा : टायर रुंद केले की पकड वाढते का?



यावेळचा प्रश्न टिळकवाडीतल्या एका काकूंचा आहे. त्यांचा मुलगा पणजीला नोकरीला असतो. दर शनिवारी बायको-मुलाला घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला येतो आणि रविवारी संध्याकाळी परत जातो. गाडीचे टायर बदलायला झालेत. चिरंजीवांचं म्हणणं असं की, आहेत त्यापेक्षा चांगले रुंद टायर घालू, म्हणजे पावसाळ्यात गाडी रस्ता घट्ट धरून राहील. काकूंनी सरळ विचारलंय, "पैसे जाऊ देत हो, पण तो म्हणतो ते खरं आहे का?"

काकू, अर्धं खरं आहे. जे अर्धं खरं नाही, ते नेमकं पावसातलं आहे.

आधी टायरवरचा आकडा वाचायला शिकू. समजा 185/65 आर 15 लिहिलंय. 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या 65 टक्के, इथे साधारण 120 मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचात. हे तिन्ही आकडे एकमेकांना बांधलेले असतात. नुसता पहिला वाढवून 205/65 आर 15 घातला, तर बाजूही उंच होते आणि सगळं चाक सुमारे चार टक्क्यांनी मोठं होतं. मग काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 83 ने पळत असते. वर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, ते वेगळंच.

आता पकडीकडे वळू. टायर एवढा मोठा दिसतो, पण रस्त्याला टेकतो तो किती? हजार किलोच्या गाडीचं एका चाकावर साधारण अडीचशे किलो वजन येतं. हवा 32 पीएसआय असेल, तर हिशोबाने दर चाकाचा जेमतेम 110 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. म्हणजे आपल्या तळहाताएवढा! अशा चार तळहातांवर अख्खं कुटुंब घाट उतरत असतं.

गंमत म्हणजे टायर रुंद केला तरी हा तळहात फारसा मोठा होत नाही. वजन तेच, हवा तीच, म्हणून टेकलेली जागाही जवळपास तेवढीच. बदलतो तो तिचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा आणि आखूड. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते, तेव्हा आडवा ठसा लवकर जोर धरतो. त्यात टायरची बाजू बुटकी असली तर ती कमी लवते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. कोरड्या, चांगल्या डांबरावर हा फरक हाताला जाणवतो. त्यामुळे मुलाने मित्राची गाडी चालवून पाहिली असेल आणि त्याला ती आवडली असेल, तर त्यात त्याची काही चूक नाही. फॉर्म्युला वनमध्ये 2017 साली वळणांवरचा वेग वाढावा म्हणून पुढचे टायर 245 वरून 305 मिलिमीटर आणि मागचे 325 वरून 405 मिलिमीटर केले होते, ते उगाच नाही.

पण त्याच शर्यतीत पाऊस आला की सगळे धावत जाऊन खाचांचे टायर चढवतात, हेही टीव्हीवर पाहिलं असेलच. रस्त्यावर पाणी असलं की टायरला आधी ते बाजूला सारावं लागतं, मग रस्ता हाती लागतो. किती पाणी? रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय, गाडी 80 च्या वेगात आहे आणि टायर 15 सेंटिमीटर रुंदीवर टेकतोय असं धरा. एका टायरला दर सेकंदाला दहा लिटर पाणी हटवावं लागतं. दर सेकंदाला एक बादली! टायर दोन सेंटिमीटरने रुंद केला की त्यात सव्वा लिटरची भर पडते, शिवाय ठसा आखूड झाल्यामुळे पाणी सारायला वेळही कमी मिळतो. पाणी हटलं नाही, तर टायर त्याच्यावर तरंगतो. तेव्हा स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग नसतो आणि गाडी आपली राहत नाही. बाकी सगळं सारखं असताना रुंद टायर हे कमी वेगातच करतो. स्वीडनच्या बर्फातल्या रॅलीत मुद्दाम अरुंद टायर वापरतात, कारण अरुंद टायर बर्फात रुततो आणि खालची घट्ट जमीन गाठतो.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. घाटातल्या वळणांवर आपण तीस-चाळीसच्या पुढे जात नाही, तिथे तरंगण्याची भीती कमी. तिथे त्रास देते ती वाहून आलेली लाल माती आणि ओला पालापाचोळा. त्यावर रुंदी कामी येत नाही, टायरचं रबर चांगलं हवं आणि खाचा खोल हव्यात. तरंगण्याचा खरा धोका घाट उतरून सरळ रस्ता लागल्यावर, किंवा आपल्या कोल्हापूरच्या हमरस्त्यावर, जिथे पाय नकळत जड होतो.

खाचांचं म्हणाल तर नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्याने तो संपला. माझ्या मते आपल्या भागातल्या पावसाला 1.6 ची वाट बघूच नये, तीन मिलिमीटर राहिले की टायर बदलावा. आपल्याकडे खरेदीचा मुहूर्त दसरा, त्यामुळे गुळगुळीत झालेले टायर नेमका अख्खा पावसाळा काढतात आणि ऑक्टोबरात, रस्ता कोरडा झाल्यावर, नवे येतात! टायर मृगाच्या आधी बदलायचे.

दुसरी गोष्ट हवेची. विमानांच्या टायरवर प्रयोग करून नासाने 1960 च्या दशकात एक ढोबळ सूत्र काढलं होतं. त्याप्रमाणे टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबावर ठरतो. ते आपल्या गाडीला लावलं, तर 32 पीएसआयला साधारण 94 किलोमीटर येतात आणि हवा 24 वर उतरली की 82. गाडीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण हवा कमी तर धोका लवकर, एवढं नक्की. "पावसात थोडी हवा कमी ठेवा, पकड येते" असं सांगणारे पेट्रोल पंपावर भेटतात. त्यांचं ऐकू नका. दाराच्या खांबावर कंपनीने लावलेला कागद असतो, त्यातला आकडा ठेवा.

तर काकू, चिरंजीवांना सांगा की कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जो टायर दिलाय, तिथपर्यंत जायला हरकत नाही, फक्त रिमही त्याच मापाचं घ्यायचं. स्विफ्टचंच बघा, खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 आणि वरच्याला 185/65 आर 15 येतो. दोन्ही चाकांची एकूण उंची जवळपास सारखी आहे. त्याच्या पुढे जाऊ नका. स्टिअरिंग जड होतं, मायलेज घटतं आणि बाजू बुटकी असली की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायरला फुगा येतो. वाचलेल्या पैशात त्याच मापाचे, नावाजलेल्या कंपनीचे, ओल्या रस्त्यासाठी बनवलेले टायर घ्या.

आणि समजा यंदा दोनच टायर घ्यायचे ठरले, तर ते मागे घालायला लावा. टायरवाला म्हणेल, "साहेब, इंजिन पुढे ओढतं, नवे पुढे घाला." ऐकायचं नाही. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुतेक वेळा पुन्हा हाताशी येते. मागची घसरली, तर ती लट्टूसारखी फिरते आणि चांगल्या चांगल्या ड्रायव्हरला आवरत नाही. मागच्या सीटवर नातू बसतो ना?